तुम्ही मूळचे कुठले?

गेल्या थंडीत एका रविवारी तोक्योहून फोन आला. माझी मुलगी आणि जावई नोकरीच्या निमित्तानं नऊ वर्षांपासून तिथं आहेत. शहराच्या पूर्वेला एदोगावा नावाचा भाग आहे, त्यातल्या निशी-कसाईला राहतात. संगणकाच्या कामासाठी गेलेली भारतीय कुटुंबं त्या भागात पुष्कळ. २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचे एक मराठी गृहस्थ त्याच एदोगावाच्या पालिकेवर निवडून आले होते, हे तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. फोनवर माझी आठ वर्षांची नात होती. शाळेतल्या बाईंनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून आपल्या कुटुंबाचा तक्ता करायला सांगितला होता.

‘नाना, आपण मूळचे कुठले?’

‘नगरचे,’ मी म्हणालो.

‘त्याच्या आधी?’

‘शेवगावचे. माझे आजोबा पिंजण खांद्यावर टाकून शेवगावहून भिंगारला आले. लोकांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजायचे.’

‘त्याच्या आधी?’

त्याच्या आधीचं मला माहीत नव्हतं. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. ‘मग वरचा चौकोन रिकामा ठेवू?’ असं तिनं विचारलं. मी म्हणालो, ‘सध्या ठेव.’ फोन ठेवला, पण तो चौकोन माझ्या डोक्यातून गेला नाही.

हा प्रश्न मला नवा नाही. मी मराठीत कविता लिहितो. कार्यक्रम संपला की कोणीतरी हमखास जवळ येतं, खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, ‘तुमचं मराठी फार छान आहे हो. मूळचे कुठले?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी ‘शेवगाव’ म्हणतो. तो मान हलवतो, पण तिथंच थांबून राहतो. अजून एखादं नाव येईल अशी त्याला आशा असते. इराण, अरबस्तान, निदान लखनौ. जात्यावर बसून मराठी ओव्या म्हणणारी माझी आजी त्याला कशी दाखवू? घरात आम्ही दखनी बोलायचो, उंबरा ओलांडला की मराठी. त्या दोन भाषांमध्ये उंबऱ्याएवढंच अंतर होतं.

नातीच्या प्रश्नात मात्र तसलं काही नव्हतं. तिला फक्त चौकोन भरायचा होता. म्हणून पहिल्यांदाच मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, आणि मी त्याच्यामागे लागलो.

ती ज्या देशात वाढते आहे, त्या देशानं या बाबतीत एक चांगली सोय करून ठेवली आहे. देश सोडून गेलेल्यांच्या पिढ्या जपानी लोक आकड्यांनी मोजतात. स्वतः गेला तो इस्सेई, म्हणजे पहिल्या पिढीचा. त्याची परदेशात जन्मलेली मुलं निसेई, नातवंडं सानसेई. १९०८ साली ‘कासातो मारू’ नावाच्या जहाजातून ७८१ जपानी माणसं ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरली. कॉफीच्या मळ्यांत राबायचं, चार पैसे गाठीला बांधायचे आणि घरी परतायचं, असा त्यांचा हिशेब होता. पुष्कळांचं परतणं झालंच नाही. आज जपानबाहेरची सगळ्यात मोठी जपानी वंशाची वस्ती ब्राझीलमध्ये आहे. पुढं १९९० साली जपाननं कायदा बदलला आणि या लोकांच्या मुला-नातवंडांना कामासाठी येण्याची वाट मोकळी केली. ते आले. ब्राझीलमध्ये ज्यांना शेजारीपाजारी ‘जपानी’ म्हणत, ते आजोबांच्या देशात येऊन ‘ब्राझीलवाले’ ठरले. चेहरा आजोबांचा आणि तोंडात पोर्तुगीज. दोन्हीकडे त्यांना तोच प्रश्न: तुम्ही मूळचे कुठले?

या हिशेबानं माझी मुलगी इस्सेई झाली आणि नात निसेई. हे मोजता मोजता मनात आलं, की आपल्या नगरचे इस्सेई कोण? इथं बाहेरून आलेला पहिला माणूस कोण आणि त्याच्या लेकरांचं काय झालं?

सुरुवात शहर वसवणाऱ्यापासूनच करावी लागते. मलिक अहमदनं १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि हे नगर वसवलं. आता बाहेरचा राजा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायला जावं, तर तो निघतो परभणीकडच्या पाथरीचा. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की अहमदचा बाप मलिक हसन हा जन्मानं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला. दुष्काळात ते कुटुंब विजयनगरच्या मुलखात गेलं, तिथं लढाईत पोरगा बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि चढत चढत राज्याचा कारभारी झाला. पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा यानं वऱ्हाडच्या इमादशाहीशी भांडून १५१८ मध्ये पाथरी घेतली, आणि फरिश्त्याच्याच म्हणण्याप्रमाणे ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. धर्म बदलला, नाव बदललं, तीन पिढ्या झाल्या, हातात राज्य आलं. तरी नातवाला आजोबाचं गाव आठवत होतं.

आणि हे सगळं लिहून ठेवणारा फरिश्ता कुठला? कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. लहानपणी बापाबरोबर नगरला आला आणि इथल्या दरबारात वाढला. म्हणजे आमचा ‘परका’ सुलतान इथला निघाला, आणि त्याचं इथलेपण लिहून ठेवणारा लेखक परका निघाला.

पण नगरच्या इस्सेईंमध्ये सगळ्यात लांबून, आणि सगळ्यात नाइलाजानं आलेला माणूस वेगळाच आहे.

माझा रंग सावळ्याच्या दोन बोटं पुढचा. लहानपणी गल्लीतली पोरं मला ‘हबशी’ म्हणायची. ती शिवी आहे असं समजून मी भांडायचो. एकदा आजोबांनी ऐकलं. पिंजण खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, ‘हबशी नगरचा राजा होता रे.’ ते शाळेत गेले नव्हते. राजा आणि राजाचा वजीर यांतला फरक त्यांच्या लेखी फारसा नव्हता. पण ते बोलत होते मलिक अंबरबद्दल.

हबश म्हणजे आजच्या इथिओपियाचा मुलूख. १५४८ च्या सुमारास तिथं एक मुलगा जन्मला. त्याचं नाव चापू असं आपल्यापर्यंत पोचलं आहे. लहान वयात तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडे मोखा, तिथून बगदाद, असे बाजार आणि मालक बदलत गेले. एका मालकानं त्याला मुसलमान केलं, लिहा-वाचायला शिकवलं आणि नवं नाव दिलं, अंबर. १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा होता निजामशाहीचा पेशवा चंगीजखान. हा चंगीजखान स्वतःच हबशी, आणि एकेकाळी स्वतःच गुलाम.

दख्खनमधली ही गुलामी मळ्यातली नव्हती. इथल्या सुलतानांना लढणारी आणि धन्याशी इमान राखणारी माणसं हवी होती. हजारो मैलांवरून आणलेल्या पोराला मागं ना भाऊबंद ना जहागीर, म्हणून तो धन्याचाच राहील असं गणित होतं. धनी मेला की पुष्कळांना सुटका मिळे. सुटलेला माणूस घोडा घेई, स्वार गोळा करी, सरदार होई. त्याची मुलं गुलाम राहत नसत. चंगीजखान गेल्यावर अंबरही मोकळा झाला. सिद्दी करीमा नावाच्या हबशी स्त्रीशी त्याचं लग्न झालं. काही वर्षं विजापूरकरांची चाकरी करून तो पुन्हा निजामशाहीत परतला.

तेव्हा इथं धामधूम चालू होती. अकबराच्या फौजा नगरच्या किल्ल्यावर आल्या होत्या. चांदबीबीनं १५९५-९६ चा वेढा परतवला, पण १६०० मध्ये तिची हत्या झाली आणि किल्ला पडला. राजधानी गेली म्हणजे राज्य गेलं असं सगळ्यांनी धरलं. मलिक अंबरनं धरलं नाही. त्यानं राजघराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याला गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, मोगलांना दख्खन सुखानं पचू दिली नाही. जहांगीर बादशहानं तर अंबरच्या छाटलेल्या डोक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र काढून घेतलं. ते डोकं प्रत्यक्षात कधी त्याच्या हाती लागलं नाही.

आता इथं एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दख्खनच्या दरबारांत दोन तट असत. एक दख्खनी, म्हणजे इथले. दुसरा आफाकी, म्हणजे इराण-तुर्कस्तानाकडून नव्यानं आलेले परदेशी. दोघांमध्ये हाडवैर. मग आफ्रिकेतून विकत आणलेले हबशी कुठल्या तटात? ते दख्खनींमध्ये मोजले जात. परतीची वाट नसलेला, इथंच लग्न करून इथल्या मातीत पुरला जाणारा माणूस त्या काळच्या हिशेबात इथला ठरत होता.

यंदा ऑगस्टमध्ये मुलगी नातीला घेऊन आली, तेव्हा मी तिला भातवडीला नेलं. नगरच्या पूर्वेला, जवळच आहे. आम्ही नगरकर भातोडी म्हणतो. पाऊस होऊन गेला होता, बाजरी कमरेला लागली होती. तिथलं तळं निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळातलं. पुढं इंग्रजांनी त्याची दुरुस्ती केली. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मिळून मलिक अंबरवर चालून आल्या, तेव्हा त्यानं याच तळ्याचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखल झाला, तोफा आणि जनावरं रुतली, वर रात्रीचे छापे. दोन्ही फौजांची दाणादाण उडाली. तेव्हा अंबर पंचाहत्तरीचा होता.

कोण कुणाकडून लढत होतं ते मी नातीला बोटं मोजून सांगितलं. अंबरच्या बाजूला शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी. मोगलांच्या बाजूला लखुजी जाधवराव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे, जिजाऊंचे वडील. आदिलशाही फौजेचा पुढारी मुल्ला मुहम्मद लारी, इराणातल्या लारचा. शरीफजी त्या लढाईत पडले. लारीही मारला गेला. शहाजी आणि शरीफजी ही नावं आपल्या नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसातून आली असं परंपरा सांगते. तर अशी ती लढाई. कुठल्याही एका रंगाच्या खडूनं तिचा तक्ता रंगवता येणार नाही. परमानंद कवीनं शिवाजी महाराजांच्या चरित्राचं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य लिहिलं, त्यात ही लढाई आहे, आणि तिथं मलिक अंबरचा उल्लेख आदरानं केलेला आहे.

लढाया मात्र विसरल्या जातात. अंबरचं नाव राहिलं ते जमिनीत. त्यानं रयतेची जमीन पाहून, तिचा कस ठरवून, पिकाच्या अंदाजानं सारा बांधून दिला. ठेकेदारानं मनाला येईल तेवढं ओरबाडायचं, ही रीत मोडण्याचा त्याचा प्रयत्न होता. तो बंदोबस्त इतका रुजला, की मराठी दफ्तरांत ‘मलिकंबरी धारा’ असा शब्दच तयार झाला. शब्दांच्या धंद्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, ही साधी गोष्ट नाही. इथिओपियात जन्मलेल्या, मोख्याला विकल्या गेलेल्या मुलाच्या अरबी नावाला मराठी कुळकर्ण्यानं मराठीचा ‘ई’ लावला आणि गावच्या कागदात लिहून टाकलं. हे करताना त्यानं कुणाला ‘मूळचे कुठले’ असं विचारलं नाही. रयत तो शब्द बोलत होती, म्हणून त्यानं तो लिहिला.

तशीच पाण्याची गोष्ट. नगर शहराला निजामशाहीपासून खापरी नळांनी लांबच्या गावांचं पाणी येत असे. तरुण अंबरनं ते नळ पाहिले असणारच. पुढं १६१० मध्ये त्यानं खडकी गाव वसवलं आणि डोंगराकडून जमिनीखालून तिथं पाणी आणलं. त्या कालव्याला आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. गावाचं नाव मात्र बदलत गेलं. अंबरच्या मुलानं खडकीचं फतेहनगर केलं, औरंगजेबानं १६५३ मध्ये औरंगाबाद, आणि २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झालं. आपलं नगरही २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे. नावं बदलण्याचा मलिक अंबरला मोठा अनुभव होता. त्याचं स्वतःचंच पहिलं नाव मोख्या-बगदादच्या वाटेवर कुठं तरी सुटलं होतं.

मग त्याच्या निसेईचं, म्हणजे मुलाचं काय झालं? मुलगा फतेहखान. इथंच वाढलेला, घरचा वारसा हातात आलेला, बापाच्या मागं पेशवा झालेला. त्यानं आधी आपल्याच सुलतानाला मारलं आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. परमुलखातून विकत आणलेल्या बापानं जे राज्य पाव शतक राखलं, ते इथं वाढलेल्या मुलानं देऊन टाकलं.

इमान जन्मगावावरून ठरवायचं म्हटलं, तर हा हिशेब जुळत नाही. तो कधीच जुळत नाही. दुसरं उदाहरण पुन्हा जपान्यांचंच घ्या. १९४२ साली जपानशी युद्ध पेटल्यावर अमेरिकेनं आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची जपानी वंशाची सुमारे १ लाख २० हजार माणसं उचलून वाळवंटातल्या छावण्यांत नेऊन ठेवली. त्यांतली दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन होती, म्हणजे निसेई आणि त्यांची मुलं. आईबाप काटेरी तारांमागं असताना त्यांतली तरुण पोरं अमेरिकेच्या फौजेत भरती झाली आणि युरोपात लढली. त्यांची ४४२ वी तुकडी ही आकाराच्या मानानं त्या फौजेतली सगळ्यात जास्त शौर्यपदकं मिळवणारी तुकडी ठरली. सरकारनं कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर द्यायचं ठरवलं ते १९८८ साली. तोपर्यंत पुष्कळसे इस्सेई जग सोडून गेले होते.

आणि हबशांचे सानसेई? जंजिऱ्याच्या सिद्द्यांचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलात, गुजरातेत सिद्दी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या आजही आहेत. पण नगरात माझ्या ओळखीत एकही घर स्वतःला हबशी म्हणवत नाही. ते कुठं गेले नाहीत. त्यांची मुलं दख्खनी झाली, नातवंडं आमच्यात मिसळली. माझ्या रिकाम्या चौकोनात त्यांच्यातला कोणी बसलेला असेल का? असेल. पाथरीचा कुणी कुळकर्णी असेल, शेवगावचा कुणी कुणबी असेल. पिंजाऱ्याचं घराणं कोण लिहून ठेवतो?

मला खरी भीती मागच्या चौकोनाची नाहीच, पुढच्याची आहे. माझी नात झोपेत जपानी बोलते. मराठी तिला समजतं, बोलते अडखळत, आणि माझी एकही कविता तिला वाचता येत नाही. तिच्या मुलांना तर माझी भाषा ही मोख्याच्या बाजारात सुटलेल्या नावासारखी होईल. चापूला आईची भाषा किती वर्षं आठवली असेल? हा प्रश्न मी आजवर इतिहास म्हणून वाचत होतो. आता तो घरात आला आहे.

भातवडीहून आल्यावर दोन दिवसांनी आम्ही खुलताबादला गेलो. मलिक अंबरची कबर तिथं आहे, जवळच सिद्दी करीमाची. पावसानं घुमटाचे दगड काळे पडले होते. नातीनं सगळीकडून चक्कर मारली आणि विचारलं, ‘नाना, याला त्याची आई कोणत्या नावानं हाक मारायची?’ मी सांगितलं. तिनं दप्तरातून तो तक्ता काढला. शाळेत दाखवून झाला होता, तरी तिनं जपून आणला होता. वरचा चौकोन तसाच रिकामा होता.

‘हा आपला कोणी नव्हे,’ मी म्हणालो. ‘निदान तसा पुरावा नाही.’

‘पण नगरचा आहे ना?’ ती म्हणाली.

मी ‘हो’ म्हणालो. तिनं पेन्सिल घेतली. बाकी सगळा तक्ता जपानी अक्षरांत होता. या चौकोनात मात्र तिनं आईनं शिकवलेल्या मराठी अक्षरांत, ओठ हलवत, एकेक काना-मात्रा आठवत लिहिलं, ‘चापु’. उकार ऱ्हस्व पडला होता. मी दुरुस्त केला नाही.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)